मुद्द्याचा प्रश्न

पालकसभेत एका कापडदुकानदाराने टेबलावर इतक्या जोराने हात आपटला की मुख्याध्यापकांच्या पेल्यातलं पाणी हिंदकळलं.

“ज्याला स्वतःचं मूल नाही, त्याला दुसऱ्याच्या पोरांची काय किंमत असणार?”

पालकांनी भरलेल्या सभागृहातल्या माना भिंतीकडे वळल्या. भिंतीलगत बसलेले व्यायामाचे सर मान खाली घालून आपल्या बोटांकडे बघत राहिले. शिक्षकांच्या रांगेतल्या भाषेच्या बाईंनी मांडीवरच्या पिशवीचा पट्टा मुठीत आवळला. सर म्हणजे त्यांचा नवरा. तो घाव दोघांनाही सारखाच लागला होता.

आठवड्यापूर्वी व्यायामशाळेतला चढायचा दोर वरच्या कडीपाशी तुटला आणि सातवीतला एक मुलगा उंचावरून खाली आला. मांडीचं हाड मोडून तो दवाखान्यात पडून होता. तो पूर्वीसारखा धावेल, असं डॉक्टर अजून छातीठोकपणे सांगत नव्हते. तेव्हापासून जो तो सरांच्या नावाने बोटं मोडत होता. घरी बाई नवऱ्याला जेवायचा आग्रह करत, झोप लागली का विचारत. एक गोष्ट तेवढी त्यांनी विचारली नव्हती.

“काका, एक मिनिट.”

मागच्या रांगेतून उठली ती त्या मुलाची थोरली बहीण. नववीत, बाईंच्याच वर्गात. बाई त्या वर्गाला भाषणं, जाहिराती वाचायला देत आणि पटवून देण्याच्या नादात बोलणारा कुठे घसरलाय, ते शोधायला लावत. ही मुलगी त्यात तरबेज. आताही वडील हात ओढून तिला खाली बसवू पाहत होते, पण ती हटली नाही.

“सरांना मूल नाही, याचा दोर तुटण्याशी काय संबंध? हे मुद्दा सोडून माणसावर घसरणं झालं.”

“अगं, तुझ्याच भावासाठी घसा फोडतोय मी!”

“म्हणूनच नीट बोलायला हवं ना, काका.”

कोणीतरी हसू दाबलं. इतके दिवस मनात साठलेलं सगळं बोलून टाकावं असं बाईंना वाटलं आणि त्या उठल्या.

“मी बायको म्हणून बोलत नाही. पण या माणसाने उभं आयुष्य शाळेला दिलंय. सुट्टीच्या दिवशी मुलांना पोहायला शिकवलंय, तापाने फणफणलेल्या पोराला पाठीवर घेऊन दवाखाना गाठलाय. असा माणूस हयगय करेल?”

दोन-तीन शिक्षिकांनी माना डोलावल्या. मुख्याध्यापकांनी संधी साधली.

“अगदी बरोबर. तेव्हा हा विषय आपण इथेच...”

“बाई,” मुलगी म्हणाली. “हेही तेच झालं ना? माणूस वाईट म्हणून चूक त्याचीच, हे जसं चालत नाही, तसं माणूस चांगला म्हणून...” पुढचं तिच्याने बोलवेना. मग ती म्हणाली, “मला सर आवडतात, बाई. पण दोर तपासला होता का, हे अजून कोणी विचारलंच नाही.”

हेच उत्तर वर्गात आलं असतं तर बाईंनी तिची पाठ थोपटली असती. मुख्याध्यापक डोळ्यांनी त्यांना बसायला खुणावत होते. बाई बसल्या नाहीत. त्या भिंतीकडे वळल्या. शाळेत त्या नवऱ्याला इतरांसारखंच ‘सर’ म्हणत.

“सर, त्या दिवशी दोर तपासला होता का?”

सरांनी मान वर केली, क्षणभर बायकोकडे पाहिलं. मग ते उठले आणि मुलाच्या वडिलांसमोर जाऊन उभे राहिले.

“नाही. आदल्या दिवशी वरची वीण सैल दिसली होती मला. उद्या बघू म्हटलं.”

कापडदुकानदार खाली बसला. मुलगी केव्हाच बसली होती, वडिलांच्या खांद्याआड तोंड लपवून.

मुख्याध्यापकांनी सरांना तिथल्या तिथे कामावरून दूर केलं. दोघं फाटकाबाहेर पडले तेव्हा पालकांचे घोळके आपोआप बाजूला सरकले.

“घरी का नाही विचारलंस?” चालता चालता सरांनी विचारलं.

बाईंनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“घरी तू काहीही सांगितलं असतंस, तरी मला पटलं असतं.”

पुढच्या चौकात घराकडे वळायचं सोडून सर दवाखान्याच्या रस्त्याला लागले. बाईंनी पावलं झपाझप उचलून त्यांना गाठलं.