मामांच्या गाडीची रुंद कंबर

मामांची जुनी दोन दारांची स्पोर्ट्स कार भाच्याच्या गॅरेजात आली, आणि तिच्या मागोमाग एक खोकं आलं. खोकं एवढं मोठं की त्यात एका जोडप्याने संसार थाटला असता, वर पाहुणे आले तर त्यांचीही सोय झाली असती. आत होतं फायबरचं बॉडी किट. शर्यतीच्या गाड्यांना असतात तशी फुगीर मडगार्डं, त्यांच्याखाली बसवायची रुंद चाकं आणि मागे लावायचा हा एवढा पंख.

भाचा डेंटर. त्याने ठोकून सरळ केलेल्या दारावर माशी बसली तर घसरून खाली पडायची, असा त्याचा हात. पण त्या खोक्यापुढे त्याचं डोकंच चालेना. कारण मामा म्हणजे कोण? तीस वर्षांत ज्यांनी त्या गाडीचा एक स्क्रू बदलू दिला नाही, ते. शेजाऱ्याने आपल्या गाडीला असंच रुंद किट लावलं, तेव्हा "बेडकाला चिलखत घातलंय" म्हणून ज्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं, ते!

"मामा, नक्की ना? किट बसवायचं तर मागची मूळ मडगार्डं कापावी लागतील. एकदा कापली की गेली."

"काप रे! गाडी कशी, पैलवानासारखी पाय फाकवून उभी राहिली पाहिजे."

"पण तुम्हीच तर म्हणायचात..."

"मी काय म्हणायचो ते मला नको सांगूस. डावीकडून सुरुवात कर."

मामा गेले आणि मामी आली. त्या गाडीचं तोंड कुठलं नि पाठ कुठली, याच्याशी मामीला आजवर काही देणंघेणं नव्हतं. आज ती आली ती थेट डाव्या मडगार्डाला पाठ लावून उभी राहिली.

"हात लावून तर बघ! मूळ रूप ते मूळ रूप. असा गोलावा आता कुठला कारखाना काढतो?"

"मामी, तुला गोलावा कधीपासून कळायला लागला?"

"तुझं शेंबडं नाक पुसलंय मी. मला शिकवू नकोस."

भाचा हातात ग्राइंडर घेऊन नुसता उभा. आईवडिलांच्या मागे या दोघांनीच त्याला वाढवलेलं. कापावं तर मामी दुखावणार, न कापावं तर मामा. त्याने गॅरेजातल्या रंगाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "अशा गाड्या लोकांना एक तर झकास वाटतात, नाहीतर भयानक. मला दोन्ही वाटतात. रंग कुठला मारू तेवढं बोल."

शेवटी भाच्याने आपल्या नेहमीच्या रीतीने कामाला हात घातला. जुना पत्रा कापायच्या आधी तो त्यावर चुंबक फिरवून बघायचा. उजव्या मडगार्डाला चुंबक टक्कन चिकटला. डावीकडे लावला, तो खाली पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. बोटाने वाजवून पाहिलं, तर पत्रा टणटण वाजायच्या ऐवजी थपथप. आत पोचा भरायची अंगठाभर जाड पुट्टी! आणि मामा जगाला सांगत फिरायचे, गाडीला आजवर ओरखडा नाही.

अजून तिथेच उभ्या असलेल्या मामीचा चेहरा खर्रकन उतरला. तिने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"हे परगावी गेले होते रे. म्हटलं आपणही शिकावी गाडी. तर फाटकाचा खांब मधे आला."

"खांब मधे आला?"

"आला म्हणजे आलाच! पलीकडच्या गल्लीतल्या डेंटरकडून गुपचूप भरून घेतलं. आता तू कापशील, पुट्टी भसाभसा बाहेर पडेल आणि हे शेजारी उभे असतील. तोंड उघडणार नाहीस, शपथ घे!"

भाच्याने शपथ घेतली.

दुसऱ्या दिवशी मामा आले. मडगार्डाजवळ पडलेला चुंबक पाहून त्यांनी आधी दार लावून घेतलं.

"चिकटला नाही ना?"

"नाही."

"तुझी मामी माहेरी होती बघ. मी गाडी मागे घेत होतो, तर फाटकाचा तो खांब..."

"मधे आला?"

"तुला कसं कळलं?" मामा दचकले. "भरून घेतलं पलीकडच्या गल्लीत. पण आता रंगाला तडा जायला लागलाय. उद्या पुट्टी गळून पडली, तर तिला काय तोंड दाखवू? जन्मभर तिला ऐकवलं की तुझ्या हातून कपबशा फुटतात, माझी गाडी बघ. म्हणून म्हणतो, काप आणि तो तुकडा लांब नेऊन फेक. शपथ आहे तुला."

भाच्याने तीही शपथ घेतली. मग एकट्यानेच थोडं खरवडून पाहिलं. पुट्टीचे खरंच दोन थर होते, एक राखाडी, एक गुलाबी. पहिला पोचा कुणाचा नि दुसरा कुणाचा, काही केल्या उलगडेना. त्या खांबाला मेडल द्यावं की काय, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

त्याने ग्राइंडर खाली ठेवला. जुनं मडगार्ड तसंच ठेवलं आणि त्याच्यावरून किट बोल्टांनी आवळून टाकलं. तडा झाकला म्हणून मामा खूश. पत्रा कापला नाही म्हणून मामी खूश. "पण हे रुंद चाक वर उचललं की आतल्या जुन्या पत्र्याला घासेल हं," असं भाचा तीनदा म्हणाला. ऐकतंय कोण?

तिघे चक्कर मारायला निघाले. मामा-मामी पुढे, भाचा मागच्या चिंचोळ्या जागेत रुमालासारखी घडी होऊन. पहिला स्पीडब्रेकर आला आणि डावीकडून खर्रर्र असा आवाज निघाला, की तारेवरचे कावळे दोन गावं सोडून जाऊन बसले.

"मामा, आवाज आला?"

"कसला?" मामा समोर बघत म्हणाले.

"मामी, तू तरी ऐकलास?"

"छे! किती शांत चाललीये गाडी."

दुसऱ्या स्पीडब्रेकरला आवाज दुप्पट झाला आणि जळक्या टायरचा वास गाडीभर पसरला. मामीने पदर नाकाला लावला आणि म्हणाली, "वारा काय छान सुटलाय, नाही का हो?"

"अगं, या गाडीत वारा लागतोच तसा," मामा म्हणाले.

भाच्याने एक कान झाकून पाहिला, मग दुसरा. आपल्यालाच काही झालंय की काय, हे त्याला कळेना. पुढे रस्त्यावर आणखी सात स्पीडब्रेकर दिसत होते.