सादळलेला सिग्नल

सकाळपासून केबल बदलली, कनेक्टर बदलले, यंत्र पुन्हा जुळवलं, तरी आकडा हलेना. अँटेनाच्या बोर्डातून जाताना सिग्नल जितका वाटेत गळतो, त्याला आम्ही लॉस म्हणतो. जानेवारीत या बोर्डांचा लॉस इतका कमी आला होता की श्रीधर सरांनी पेढे वाटले. आता ज्येष्ठात तेच बोर्ड, तेच यंत्र आणि लॉस जवळजवळ दीडपट. दुपारी ग्राहकाची माणसं मोजणी बघायला येणार होती.

बोर्ड ज्या शीटपासून बनतात, ती मी निवडलेली. परदेशी महाग शीटऐवजी ही घ्या, म्हणून वर्षभर सरांच्या मागे लागले होते. आज नापास झाली तर कायमची बाद, हे सरांनी सकाळीच सांगितलं होतं.

"मुग्धाताई, तुमचा जानेवारीचा चमत्कार उन्हात वितळला वाटतं!" सर दारातून म्हणाले.

मी पुन्हा कनेक्टर आवळला. निर्जळी एकादशी, जीभ टाळूला चिकटलेली. विठ्ठलाचं नाव घ्यावं तर मनात तोच मेला आकडा यायचा.

एसी बंद पडल्यापासून आमच्या टेक्निशियन पियुषनं टेस्टरूममध्ये मोठा कूलर आणून ठेवला होता. बोर्ड तापू नयेत म्हणून त्यांचे ट्रेही त्यानं मायेनं कूलरसमोरच मांडले होते.

"ताई, चिवडा घ्या ना. अरे बाप्पा, उपास हाय तुमचा! माफ करजा." त्यानं मूठभर तोंडात टाकला आणि तोंड वाकडं केलं. "सादळला ना हा. सकाळीच तर पुडा फोडला."

सादळला.

मी ट्रेकडे बघत राहिले. सकाळपासून माझ्या ओठाला थेंब लागला नव्हता आणि माझे बोर्ड आठवडाभर कूलरचं पाणी पीत बसले होते! शीटमध्ये मुरलेलं पाणी सिग्नल गिळतं. हे मला कॉलेजपासून ठाऊक होतं.

उठून कूलर बंद केला.

"काहून बंद करून राहिल्या, ताई? मरून जाईन ना मी इथं!"

"मर थोडा वेळ. हे बोर्ड ओव्हनमध्ये टाक."

दुपारी सुकलेला बोर्ड यंत्राला लावला. आकडा सरळ जानेवारीवर. सरांनी टेबलावर थाप मारली. "झालं! सुकवून मोजायचे, पास करायचे. जिंकलात, ताई."

मलाही तसंच वाटलं. क्षणभरच.

"सर, हा अँटेना बसणार कुठं?"

"टॉवरवर. का?"

"जुलैत?"

सरांनी खिडकीतून आभाळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "वरून कोटिंग मारू."

"कोटिंग आहेच, सर. तरी प्यायला."

"अहो, पण शीट तुमचीच ना? तुम्हीच तिच्या पाठी का लागलात आता?"

राग आला, शीटचा, कूलरचा, त्या चिवड्याचासुद्धा. आजचा दिवस साधा नापास गेला असता, तर निदान दोष कुणाच्या तरी माथी मारता आला असता. वर्षभर ज्या शीटसाठी भांडले, तिचा दोष मीच शोधून काढला होता.

बाहेर ग्राहकाच्या गाडीचा हॉर्न वाजला. मी सुका बोर्ड यंत्रालाच लावून ठेवला आणि खुर्ची सरकवून कूलरला जागा केली.

"पियुष, कूलर लाव. याच्यासमोर."

"आता लाव म्हणता?"

"लाव रे. ग्राहकालाही बघू दे, किती पितो ते."