भुऱ्याच्या गळ्यातला पट्टा

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. चामड्याचा, दोन बोटं रुंद, एका पितळी घुंगराचा. माझं वय मात्र विचारू नका, कारण माझे जन्म दोन झाले.

पहिल्या जन्मी मी जळकोटच्या बब्रुवानच्या बैलाच्या गळ्यात होतो. तेव्हा मी लांबलचक होतो आणि माझ्यावर नऊ घुंगरं होती. पुढं ट्रॅक्टर आला आणि बैल बाजारात गेला. आमच्याकडं जनावर विकताना घेणाऱ्याच्या हाती त्याचं दावं, पट्टा देत नाहीत. "जनावर गेलं तरी दावं घरात ऱ्हावं, म्हंजी लक्ष्मी रुसत न्हाय," असं बब्रुवानची आई गिरिजाबाई म्हणायची. बैलाला कुणी विचारलं नाही, तो रुसला का म्हणून. मी खुंटीवर राहिलो.

मग एके दिवशी बब्रुवानच्या मुलीनं, हर्षालीनं, उकिरड्यावरून एक भुरकट पिल्लू उचलून आणलं. स्टँडजवळच्या मोचीकाकांनी मला रापीनं कापलं, आरीनं भोकं पाडली, एकच घुंगरू ठेवलं आणि मी भुऱ्याचा झालो. नऊ वर्षं. ज्वारीतली डुकरं त्यानं हाकलली, अंगणात शिरलेला साप रोखून धरला, हर्षालीला रोज शाळेच्या फाटकापर्यंत सोडलं. माझ्याखाली त्याचे केस झडून गळ्याभोवती पांढरं कडं पडलं. बब्रुवान चारचौघांत सांगायचा, "माणसापरीस इमानी हाय." मला तो फक्त आंघोळीच्या दिवशी काढायचा. पट्टा निघाला की भुऱ्या आपोआप पाण्याकडं पाठ करून बसायचा आणि डोळे मिटून घ्यायचा.

पण भुऱ्याच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आला. पाठीला खरूज लागली. त्यात बब्रुवाननं नवं घर बांधलं, चकचकीत फरशीचं, आणि सोलापूरच्या मेव्हण्यानं जातिवंत पिल्लू देऊ केलं. गिरिजाबाई म्हणाली, "येका दाराला दोन कुत्री नगंत. मारू मात्र नगंस, पाप लागंल. वाहत्या पाण्याच्या पल्याड सोडून ये. पाणी वलांडलं की कुत्र्याला घरचा वास लागत न्हाय. आन् पट्टा तेवढा माघारी आण."

पाप टाळायची केवढी ही काळजी!

श्रावणातल्या एका रविवारी नळदुर्गची सहल ठरली. भुऱ्या काही केल्या जीपमध्ये चढेना. बब्रुवान म्हणाला, "हर्षाली, तू बोलाव, तुझंच ऐकतंय त्ये." तिनं आनंदानं मांडी थोपटली आणि भुऱ्या एका उडीत आत आला.

तलाव काठोकाठ भरला होता. किल्ल्यातले नर आणि मादी, दोन्ही धबधबे दणाणून कोसळत होते. मी आयुष्यात एवढं पाणी पाहिलं नव्हतं. तुषार अंगावर आले की भुऱ्या दचकायचा, माझं घुंगरू वाजायचं आणि हर्षाली खिदळायची. तिनं त्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढून घेतले. खरं सांगतो, त्या तासाभरात मीही भाळलो होतो.

मग बब्रुवाननं तिला आजीबरोबर भाजलेली कणसं आणायला पाठवलं. भुऱ्याला घेऊन तो पूल ओलांडून पलीकडच्या काठावर गेला, खाली बसला आणि त्यानं मला सोडवलं. भुऱ्याला वाटलं, आज आंघोळ. तो पाण्याकडं पाठ करून बसला आणि त्यानं डोळे मिटले.

"बस," बब्रुवान म्हणाला.

तो बसलाच होता. घुंगरू वाजू नये म्हणून बब्रुवाननं मला मुठीत आवळलं आणि खिशात घातलं. पुलावरून मागं वळून त्यानं एकदा पाहिलं. भुऱ्या तसाच बसलेला होता.

"पळून गेलं गं. लई हाका मारल्या," त्यानं हर्षालीला सांगितलं. ती काठाकाठानं रडत, हाका मारत फिरली. धबधब्याच्या आवाजात तिची हाक पलीकडं पोचली नाही. मी तिच्या बापाच्या खिशात होतो, आणि मला वाजता आलं नाही.

तिसऱ्या दिवशी, "पळताना पट्टा निसटला व्हता," असं हर्षालीला सांगून, मला एक जास्तीचं भोक पाडून नव्या पिल्लाच्या गळ्यात बांधलं. सहाव्या दिवशी भुऱ्या आला. पाणी ओलांडून, दहा-बारा किलोमीटर चालून, पाय रक्ताळलेले. हर्षाली शाळेत होती. पिल्लू धावलं, माझं घुंगरू वाजलं, आणि त्या आवाजावर भुऱ्यानं शेपूट हलवलं.

शेजारच्या हिंमतरावांनी विचारलं, "बब्रुवान, तुझा भुऱ्याच न्हवं का ह्यो?"

"छ्या! आमच्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा हाय की," असं म्हणून बब्रुवाननं दगड उचलला. दगड पायावर बसला. भुऱ्या ओरडलाही नाही. लंगडत तो शाळेच्या रस्त्याला लागला. मध्ये हायवे आहे.

शाळेतून येताना हर्षालीला तो रस्त्याच्या कडेला दिसला. ट्रकनं काही शिल्लक ठेवलं नव्हतं. तिनं त्याला गळ्याभोवतीच्या पांढऱ्या कड्यावरून ओळखलं. पळून गेलेलं कुत्रं शाळेच्या वाटेवर माघारी येत नसतं, एवढं तिला कळलं. घरी येऊन तिनं दप्तर खाली टाकलं. पिल्लाजवळ बसून मला सोडवू लागली.

"नगं पोरी, लक्ष्मी जाईल," गिरिजाबाई म्हणाली.

"जाऊ द्या, आजी. तुम्ही भुऱ्याला घालवलं तवा कुठं रडलाव?"

आता मी तिच्या दप्तराच्या तळाशी असतो. मित्रांनो, मला तेल लावा, उन्हात टाकू नका, असलं काही मी मागत नाही. माझं मागणं एवढंच आहे. ज्याला सोडून जायचं आहे, त्याला निदान 'बस' म्हणून जाऊ नका. तो बसतो.