चांदीची डबी, नग एक

९ जानेवारी २०२४, मंगळवार. सकाळी दाट धुकं. दुपारी ऊन पडलं, पण अंगाला लागलं नाही. संध्याकाळी पावणेसहाला मला संगप्पाच्या गळ्यातून काढलं.

मी करडगी बोलतेय. लिंगायत माणसं गळ्यात इष्टलिंग बाळगतात. ते ज्या चांदीच्या घरात राहतं, ते घर मी. कोंबडीच्या अंड्यापेक्षा थोडी लहान, दोन्ही टोकांना कडी, कड्यांतून दोरा. उदगीरच्या सोनाराने मला संगप्पाच्या आईच्या मोडीत निघालेल्या तोरड्यांतून घडवलं. तेव्हा संगप्पा पाच वर्षांचा होता, आता एकोणसाठचा आहे.

रोज सकाळी आंघोळ झाली की तो लिंग माझ्यातून काढून डाव्या तळहातावर घेतो, पाणी घालतो, फूल वाहतो आणि टक लावून बघत बसतो. मग लिंग परत माझ्यात. त्यानंतरच पाण्याचा घोट, त्यानंतरच भाकरी. तापाने फणफणला होता तेव्हाही हा क्रम मोडला नाही.

मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, तो मापाडी. पोतं काट्यावर चढवायला वाकला की मी सदऱ्यातून बाहेर लोंबकळायची, आणि तो न बघताच मला आत ढकलायचा. दर श्रावणात त्याची बायको तारामती मला नवा दोरा घालते. माझं आयुष्य एवढंच.

मग मोंढ्यात मापावरून भांडण झालं. एका मुनिमाचं डोकं फुटलं, आणि धरलेल्यांत संगप्पा होता. त्याने मारलं की नाही, हे मी छातीवरून पाहिलं आहे. पण मला कोण विचारणार? एक रात्र ठाण्यात गेली. तिथे मला कोणी हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी त्याला तुरुंगात पाठवलं. कुठल्या ते सांगत नाही. नांदेड आणि लातूरच्या मधल्या एका, एवढंच.

फाटकाजवळच्या टेबलावर आनंदराज नावाचे हवालदार नोंदी करत होते. त्यांनी धर्म विचारला. संगप्पा म्हणाला, लिंगायत.

“काका, ती जात झाली. धर्म सांगा.”

“धर्मच सांगायलोय.”

आनंदराजांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या आजोबांनी छप्पन्न साली बौद्ध धम्म घेतला, पण कागदावर तो उतरायला पंधरा वर्षं गेली, असं ते म्हणाले. मग त्यांनी छापील रकाने वरून खाली वाचले, लिंगायत सापडला नाही, आणि त्यांनी ‘हिंदू’ लिहिलं.

नियमाप्रमाणे दोरा आत नेता येत नाही, कारण दोऱ्याने माणूस जीव देऊ शकतो. धातूही नाही. मला पाकिटात घातलं. नोंदवहीत माझं नाव पडलं: ‘चांदीची डबी, नग १, दोऱ्यासह’. संगप्पा म्हणाला, आत लिंग आहे. जेलर उमाशंकर साहेब म्हणाले, आत मारुतीचं देऊळ आहे, तिथे जा. ते चिडून बोलले नाहीत. त्यांना खरंच वाटलं की प्रश्न सुटला.

जमा वस्तूंच्या कपाटाची किल्ली सापडेना, म्हणून माझं पाकीट त्याच टेबलाच्या खणात राहिलं. पुढचं सगळं मी तिथूनच ऐकलं.

दहा तारखेला संगप्पाने अन्न घेतलं नाही, पाणीही नाही. नवा माणूस पहिल्या दिवशी जेवत नाहीच, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. अकराला सकाळी तो चक्कर येऊन बसला, तेव्हा धावपळ झाली. नोंद झाली: ‘बंदी उपोषणास बसला.’ साहेबांनी त्याला समोर आणवलं. सोबत आधाराला त्याच्या बराकीतला पाशामियाँ होता, तुरुंगाच्या शिलाई विभागातला दर्जी.

साहेबांनी विचारलं, “मागणी काय तुझी?”

“मागणी न्हाई साहेब. मला जेवायचंय.”

साहेब गोंधळले. मीही. उपोषणाला बसलेला माणूस जेवायचंय म्हणतो, आणि ते लिहायला रकाना नाही.

“साब, बुड्ढा रूठा नै, भूका है,” पाशामियाँ म्हणाला. “मेरा तावीज भी तुमीच रखे. मैं तो दोनों टाइम डटके खातूं. पर इसका हिसाब अलग है.” रमजानात पहाटेचं जेवण मिळतं, त्याचा कागद येतो, याच्यासाठी कुठला कागद येतो ते बघा, असंही तो म्हणाला. तसा कागद कोणाला माहीत नव्हता.

आनंदराजांनी खण उघडून मला टेबलावर ठेवलं. आतली वस्तू धातूची आहे का, त्यांनी विचारलं. संगप्पा म्हणाला, न्हाई, दगडाची, वरून काळा लेप. मग ते उघडायला गेले आणि हात मागे घेतला.

“माझा हात चालंल का?”

“विटाळ न्हाई हो त्यात. पण ज्याचं त्यानंच हाताळायचं असतंय.”

म्हणून संगप्पानेच मला उघडलं. आनंदराजांनी नोंदवही साहेबांसमोर सरकवली. तिच्यात डबी होती, दोरा होता. लिंग लिहिलेलंच नव्हतं. लिंग आत गेलं तरी नोंदीतून काहीच कमी होत नव्हतं. साहेबांनी दोनदा वाचलं. मग म्हणाले, खिशात ठेवू दे, पण खिसा वरून दिसला पाहिजे.

मला अजून उमगत नाही. ज्या चुकीने लिंग दोन दिवस अडकलं, त्याच चुकीने ते सुटलं. आणि जिच्यात ते चोपन्न वर्षं राहिलं, ती मीच धोक्याची ठरले. मी दागिना की डबी, की आणखी काही? वाचणाऱ्यांनो, कोणाच्या गळ्यातलं काही काढायची वेळ आली, तर लिहिण्याआधी त्यालाच विचारा, हे काय आहे.

पाशामियाँने संगप्पाच्या बंडीला डाव्या बाजूला, बाहेरून खिसा शिवला. ११ जानेवारी, दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी संगप्पाने नळाखाली आंघोळ केली, आवारातलं सदाफुलीचं एक फूल वाहिलं, पाणी घेतलं आणि दोन चपात्या व डाळ खाल्ली. उपोषणाच्या नोंदीपुढे लिहिलं: ‘मागणी निरंक. समाप्त.’ धर्माचा रकाना बदललेला नाही. मी पाकीट क्रमांक ११४ मध्ये आहे, दोऱ्यासह, रिकामी.