बोटांनी वाचलेले बुधवार

मावशींचं त्यांच्या दादांशी बोलणं बंद होऊन पाच वर्षं झाली होती, आणि भांडण कशावरून, तर निवडणुकीवरून. जमिनीवरून भांडले असते तर निदान कुणाच्या तरी वाट्याला जमीन आली असती. इथे दोघांच्याही हाती धुपाटणं. ज्याच्यासाठी भांडले तो उमेदवार निवडून आला, मजेत राहिला, आणि या बहीण-भावाचं काय झालं याची त्याला गंधवार्ताही नव्हती.

मावशी म्हणजे छापखान्यातल्या टायपिंगवाल्या मावशी. वय अठ्ठावन्न, नोकरीला छत्तीस वर्षं, त्यांतली पहिली दहा टाइपरायटरवर आणि उरलेली कॉम्प्युटरवर. मालकांपासून हमालांपर्यंत सगळे त्यांना मावशीच म्हणत. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, तिथून ते सहसा बाहेर पडत नसे.

एका सोमवारी भर दुपारी वहिनी छापखान्यात आल्या. मावशींच्या टेबलासमोर पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर बसल्या, कपाळ पुसलं आणि पर्समधून एक पेनड्राइव्ह काढून कीबोर्डवर ठेवला.

"त्यांनी पाठवलेलं नाही मला. मीच आलेय. आधीच सांगते."

"मी काही विचारलं का?" मावशी म्हणाल्या.

"त्यांच्या डोळ्यांचं कळलं असेलच."

कळलं होतं. दादांच्या डोळ्यांच्या पडद्याला काहीतरी झालं होतं. कडेचं दिसे, मधलं दिसत नसे. दारात कोणीतरी उभं आहे हे कळे, तोंड कळत नसे. वाचणं तर संपलंच होतं. मावशींना हे ज्या दिवशी समजलं त्या दिवशी त्यांनी एका दुकानाच्या साध्या पत्रकात तीन चुका केल्या होत्या.

"फोनवर तीन हजार माणसं होती ह्यांची," वहिनी सांगू लागल्या. "दोन ओळी लिहिल्या की टाळ्या, अंगठे, काय नि काय. लिहिणं थांबलं, महिन्याभरात सगळे पांगले. भेटायला किती आले, तर दोन. त्यातला एक चुकून."

"चुकून कसा?"

"त्याला खालच्या मजल्यावर जायचं होतं."

मावशींना हसू आलं. त्यांनी ते गिळलं.

"आता एकच धोशा लावलाय. 'दर बुधवारी' वाचून दाखवा. पोरीने साइट बंद व्हायच्या आत सगळं उतरवून घेतलं होतं, दोनशे अकरा लेख. पण उघडलं की नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा. तो फॉन्ट म्हणे आता कुठे मिळत नाही. तिने ते कन्व्हर्टर का काय ते लावून पाहिलं, तर जोडाक्षरांचं पार शेण झालं. मग म्हटलं, जिने लिहिलंय तिलाच विचारावं."

"मी लिहिलं नाही. मी टाइप केलं," मावशी म्हणाल्या. "मला आता तेवढंच करायची परवानगी आहे."

वहिनी उठल्या. पेनड्राइव्ह तिथेच ठेवून निघून गेल्या. वहिनींना कुठे थांबायचं ते नेहमी कळे, म्हणून तर त्या घरात निभाव लागला होता.

'दर बुधवारी' हे दादांच्या पानाचं नाव. इंटरनेट नवीन होतं तेव्हाची गोष्ट. दादा पाणीपुरवठा कार्यालयात कारकून. सरकारी नोकरी, राजकारणावर उघड लिहायची चोरी, म्हणून खाली नाव 'एक कारकून'. रद्दीत निघालेल्या फॉर्मच्या पाठकोऱ्या चिठ्ठ्यांवर ते लिहीत आणि मंगळवारी बहिणीच्या हातात देत. बुधवारी छापखान्यात काम कमी. पाच ते सहा या वेळात मालक टेलिफोनची लाइन वापरू देत. मोडेम आधी किंचाळे, मग खरखर करी, मग एकदम गप्प होई. गप्प झाला की भाऊ-बहीण दोघेही श्वास रोखून बसत. लागली एकदाची लाइन, की दादा म्हणत, "सोड."

लिहीत काय, तर काहीही. कार्यालयातलं घड्याळ नेमकं साहेबांच्याच खोलीत मागे का पडतं. मंत्री येणार म्हणून रंगवलेली भिंत मंत्री न आल्यामुळे किती दिवस ओलीच वाटते. रांगेत मध्ये घुसणारा माणूस मतदानाच्या रांगेत शहाण्यासारखा कसा उभा राहतो. वाचक मोजून पंधरा. कोणी 'जुनी छत्री', कोणी 'बिनपगारी', आणि फार दूरच्या कुठल्या तरी थंड गावातून लिहिणारा 'अर्धा कप'. या पंधरांतही दोन तट होतेच. पण उत्तर द्यायचं तर पुढचा बुधवार यावा लागे, आणि बुधवारपर्यंत थांबलेला राग बराचसा निवलेला असे.  आयुष्यात मावशींनी लाखभर पानं टाइप केली असतील, पण वाट पाहिली ती फक्त त्या दोनशे अकरांची.

मग इंटरनेटवाले मोबाइल फोन आले. हातोहाती झाले. दादांना बुधवारपर्यंत थांबवेना. दिवसातून चार-चारदा लिहू लागले, आणि टायपिस्टची गरज उरली नाही. निवडणुकीच्या दिवसांत त्यांनी लिहिलं, जे आपल्या बाजूचे नाहीत ते आपले कोणीच नाहीत. मावशींनी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या लिहिण्याखाली दोन ओळी लिहिल्या: "दादा, तूच लिहिलं होतंस ना, मत वेगळं असलं तरी जिना एकच असतो?" दहा मिनिटांत उत्तर आलं. "असलं मिळमिळीत वाक्य मी जन्मात लिहिलेलं नाही. टायपिंग करणाऱ्यांनी टायपिंगच करावं."

त्यावर चारशे माणसं हसली. एका अनोळखी इसमाने विचारलं, "काकू, स्वयंपाक झाला का?" दादांनी त्याला काही उत्तर दिलं नाही, आणि मावशींना भावाच्या वाक्यापेक्षा त्याचं ते गप्प राहणंच जास्त लागलं. त्या दिवसापासून बंद.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मावशींनी फाइल उघडली. वहिनी म्हणाल्या तसा कचराच होता. पण पहिल्याच ओळीत एन, के, एन, के अशी चार अक्षरं दिसली आणि त्यांची बोटं आपोआप हलली. द ला काना, द ला काना. दादा. डोळ्यांना जे कळत नव्हतं ते बोटांना पाठ होतं. कीबोर्डवर कुठल्या बटणाखाली कुठलं मराठी अक्षर, हे छत्तीस वर्षांत हाडांत मुरलं होतं. त्यांनी शेजारी नवीन पान उघडलं, समोरचा कचरा बघून तीच बटणं दाबत गेल्या, आणि आजच्या अक्षरांत ओळ उमटली. मालक मागे येऊन उभे राहिले, थोडा वेळ बघून म्हणाले, "मावशी, हे काय भूत उतरवताय?"

"भूतच आहे. माझ्या ओळखीतलं."

खरं सांगायचं तर त्या एवढ्या उत्साहाने बसल्या त्यात प्रेम निम्मंच होतं. निम्मा डाव होता. जिन्याचं वाक्य त्यांना शोधायचं होतं. बाराव्या दिवशी, त्रेसष्टाव्या बुधवारात ते सापडलं. अगदी शेवटी, त्यांना आठवत होतं तसंच्या तसं. मावशींना आनंदाचं भरतं आलं. ते पान त्यांनी वेगळं छापलं, ते वाक्य ठळक केलं, आणि दादांना दिसणार नाही हे लक्षात येऊनही आणखी ठळक केलं. वहिनींच्या देखत वाचून दाखवायचं आणि विचारायचं, जन्मात लिहिलं नाहीस ना? मग हे कोणी लिहिलं? हा प्रश्न त्यांनी दाराला कडी लावताना, भांडी घासताना, येता-जाता घोकून ठेवला होता.

पण हातात घेतलेलं काम अर्धं टाकायची त्यांना सवय नव्हती. त्या पुढे टाइप करत गेल्या, आणि सत्तराव्या बुधवारी बोटं अडखळली.

काहीतरी चुकत होतं. त्या कीबोर्डवर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारावी लागते. इथे ती सगळीकडे नंतर मारलेली, त्यामुळे भलत्याच अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसलेली. जोडाक्षरं मोडकी. दोन शब्दांत कुठे एक जागा, कुठे पाच. हे त्यांचं टायपिंगच नव्हतं. तारीख पाहिली, तेव्हा उलगडा झाला. त्या आठवड्यात त्या अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन दवाखान्यात होत्या. आपण टाइप केलेलं पुन्हा वाचायची त्यांना कधी सवय नव्हती, मग न केलेलं कुठून वाचणार? वेलांट्या जागेवर बसवत बसवत त्यांनी ते पान पहिल्यांदा वाचलं.

"या आठवड्यात आमची टायपिस्ट दवाखान्यात आहे. आता बरी आहे. म्हणून हे मी दोन बोटांनी बडवतो आहे. ती घरी आली की वाचेलच. तिच्या तोंडावर मला बोलता येत नाही, म्हणून इथे लिहितो. जिन्याचं ते वाक्य तुम्हा सगळ्यांना आवडलं. 'अर्धा कप' यांनी तर ते भिंतीवर लावलं. ते माझं नाही. माझी शेवटची चिठ्ठी तिच्या हातून हरवली असावी, आणि मी रागावेन म्हणून तिने आपल्या मनाने शेवट केला. मी दोन दिवस धुमसत होतो. तिसऱ्या दिवशी वाचलं, तर माझ्या अख्ख्या लेखात तेवढंच खरं होतं. शाबासकी मात्र मी घेतली. धाकट्या बहिणीला मोठेपणा देणं मोठ्या भावाला जड जातं, तुमच्याही घरी असंच असेल. यापुढे तिला वाटेल तेव्हा तिने माझ्या लिहिण्यात आपलं घालावं. माझी हरकत नाही."

मावशींचे हात मांडीवर पडले. आणि चिठ्ठी आठवली. बसमधून उतरताना वाऱ्याने उडालेली, गटाराच्या जाळीत गेलेली. सहाला दहा कमी होते, लाइन जाणार होती, दादा कार्यालयातून यायचे होते. घाबरत घाबरत त्यांनी एक वाक्य रचलं होतं. नंतर दादा काहीच बोलले नाहीत तेव्हा त्या स्वतःही विसरून गेल्या, इतक्या की ते वाक्य भावाचंच म्हणून त्यांनी आयुष्यभर मिरवलं. जन्मात लिहिलेलं नाही, असं दादा म्हणाले ते अक्षरशः खरं होतं. मावशी छापखान्यातच रडल्या. मालकांनी न पाहिल्यासारखं करून मशीन सुरू केलं.

रविवारी त्या गठ्ठा घेऊन दादांच्या घरी गेल्या. दादा खुर्चीत बसले होते. चाहूल लागताच म्हणाले, "कोण?"

"टायपिंगवाली."

दादांनी मान दुसरीकडे वळवली. मावशींचा चेहरा पडला. त्या उंबऱ्यातच थांबल्या.

"तसं नाही हो," वहिनी घाईने म्हणाल्या. "त्यांना आता कडेनेच दिसतं. तुम्हाला बघायचं म्हणून तिकडे तोंड केलंय."

मग मावशी आत आल्या, समोर बसल्या, आणि त्यांनी सत्तरावा बुधवार वाचून दाखवला. दादा ऐकत होते. वाचून झाल्यावर त्यांनी खुर्चीच्या हातावर नखाने रेघा ओढल्या.

"हे तू वाचलं नव्हतंस?"

"परवा वाचलं."

"वीस वर्षं मला वाटलं, तू वाचलंस आणि काही बोलली नाहीस. म्हटलं, राग आला असेल. आणि त्या दिवशी सगळ्यांसमोर तूच लिहिलंस, तूच लिहिलंस असं म्हणायला लागलीस. मला वाटलं, टोमणा मारतेयस. चोरी उघडी पाडतेयस."

"चिठ्ठी मी हरवली होती, दादा. गटारात गेली."

"ते ठाऊकच होतं." दादांचा आवाज खाली गेला. "पण त्या माणसाने स्वयंपाकाचं विचारलं, तेव्हा मी काहीतरी बोलायला हवं होतं. ते मी रोज आठवतो. डोळे गेल्यावर दुसरं करायला काय आहे?"

 वहिनींनी पाण्याचा पेला पुढे केला, तो मावशींनी नुसताच धरून ठेवला.

"माझं मत मात्र तेच आहे हं," दादा थोड्या वेळाने म्हणाले.

"असू दे. मी कुठे मत मागायला आलेय?"

दादा हसले. मग म्हणाले, "त्या चिठ्ठीत मी काय लिहिलं होतं गं?"

मावशींना आठवेना. दादांनाही आठवेना. काहीतरी जळजळीत होतं, एवढंच त्यांच्या लक्षात होतं. ते एकेक वाक्य जुळवून बघू लागले. तीन-चार झाली, चांगली तिखट. मावशी दर वेळी मान हलवत राहिल्या.

"नाही. हे तुझं आत्ताचं आहे. तेव्हा तू असं लिहीत नव्हतास."

दादा थांबले. त्यांनी सरळ मावशींकडे तोंड केलं, जिथे त्यांना काहीच दिसत नव्हतं.

"मग तेव्हा मी कसा लिहीत होतो?" त्यांनी विचारलं. "खरंच विचारतोय. मला आठवत नाही."

मावशींनी पेला खाली ठेवला, गठ्ठ्याची दोरी सोडली आणि पहिल्या बुधवारपासून वाचायला सुरुवात केली.