कोठीला दिलेलं उत्तर

तपासण्यांचे निकाल सापडत नाहीत हे लॅबमध्ये कळलं, त्या दिवशी सकाळपासून वीज नव्हती आणि कॉम्प्युटर बॅटरीवर चालला होता. लॅबवालीने फोन केला तेव्हा त्याने एवढंच सांगितलं, की मी येईपर्यंत काही बंद करू नका.

लॅबचे निकाल सांभाळणारा प्रोग्राम त्याने आणि बायकोने मिळून लिहिला होता. दिसायला एक, पण आत दोन प्रोग्राम वेगवेगळे चालत. पडद्यावर दिसणारी खिडकी त्याची आणि निकाल डिस्कवर उतरवणारी कोठी तिची. दोघींमध्ये फक्त निरोप जात. कोठी मधूनमधून विचारायची, 'आहेस का?' खिडकीचं उत्तर आलं तरच ती निकाल उतरवायची, नाहीतर मेमरीत धरून बसायची.

बायको वारल्यावर खिडकीची डागडुजी तिची धाकटी बहीण बघायची. तो पोचला तेव्हा ती कॉम्प्युटरसमोर तोंड पाडून बसली होती. आदल्या दिवशी तिने खिडकीचा कोड जरा आवरला होता. कोठीच्या प्रश्नापुढे उत्तर म्हणून नुसतं एक अक्षर होतं. चाचणीपुरतं कोणी टाकलं असेल असं समजून तिने ते धड न बघताच खोडलं आणि तिथे 'आहे' लिहिलं. कोठीला ते पटलं नाही. मग हाताने निरोप पाठवून 'हो'ही करून पाहिलं. तेही नाही. आता तिसरंही उत्तर चुकलं, की कोठी समोरच्याला परकं समजून बंद होणार आणि कालपासूनचे निकाल जाणार. नमुने कधीच फेकून झाले होते.

खिडकीची जुनी प्रत घरच्या मशीनवर होती. लॅबवालीने बॅटरीकडे बोट दाखवलं. ती टीं टीं करायला लागली होती.

तो खुर्चीत बसला. 'आहेस का?' पडद्यावर तसंच होतं. बायको आतल्या खोलीतून अशीच विचारायची, आणि हा कामातून मान वर न करता हुंकार द्यायचा. तोंडाला काय कुलूप लावलंय का, माणसासारखं बोलायला पैसे पडतात का, असं ती रोज ऐकवायची.

त्याने टाइप केलं: हं.

"भाऊजी, हे काय उत्तर झालं?"

"तुझ्या ताईला एवढंच मिळायचं."

तरी एन्टर दाबायला बोट धजेना. बॅटरीचा आवाज जवळजवळ सलग झाला होता. मेव्हणीने त्याच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. त्याने एन्टर दाबलं.

क्षणभर काहीच हललं नाही. मग निकाल एकामागून एक डिस्कवर उतरायला लागले. शेवटचा एक उरला असताना पडदा काळा झाला.

वीज आल्यावर तिघांनी मिळून पाहिलं. एका बाईच्या रक्ताचा निकाल तेवढा गेला होता. तिला पुन्हा सुई टोचून घ्यायला बोलवावं लागणार. चूक तुमच्या घरची, फोनही तुम्हीच करा, असं लॅबवालीने सांगितलं.

तो फोन अजून करायचा राहिला आहे.