घासू मशीन बघायला आला

"हाही गेला," म्हणत आमच्या ह्यांनी हातातलं पितळी नळकांडं, बुश म्हणतात त्याला, भंगाराच्या डब्यात भिरकावलं. "एक बाजू कापून उलटा बांधला की दुसरी बाजू पहिलीशी जुळत नाही. जॉब नीट बसला की नाही, हे हाताला कळतच नाही आता. येऊ दे त्या घासूला. नेऊ दे मशीन."

मी म्हटलं, "अहो, मशीनमध्येच काही झालं नसेल कशावरून?"

"चकात दोष नाही," दारातल्या स्टुलावरून सासरे म्हणाले. "हा दवाखान्यात होता तेव्हा मी स्वतः चक उघडून, धुऊन परत बसवलाय. उभा जन्म गेलाय माझा लेथवर."

चक म्हणजे कापायचा तुकडा, ह्यांच्या भाषेत जॉब, तीन जबड्यांत धरून फिरवणारा लेथचा पंजा, एवढंच मला ठाऊक. पण झालं! सासऱ्यांचा शब्द म्हणजे ह्यांच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ. जन्मात बापाला उलटून बोलले नाहीत, ते आज काय बोलणार? अंगावरून वारं गेलं, त्यातून उठले, चालायला लागले, आणि आता हात कायमचा गेला असं मनाशी धरून बसले. मला लेथमधलं ओ की ठो कळत नाही, पण ह्या माणसातलं कळतं. मशीन गेलं असतं तर हा माणूस भिंतीकडे बघत झिजून गेला असता. आठवडाभर अन्न गोड लागत नव्हतं मला.

तेवढ्यात बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. पलीकडच्या गल्लीतला टर्नर, लेथवरच काम करणारा, मशीन विकत घ्यायला आला. भाव इतका घासतो की त्याचं नावच घासू पडलंय. आल्या आल्या त्याने पिशवीतून डायल काढला. घड्याळासारखं असतं ते, केसाएवढा फरक असला तरी काटा हलतो. मनात म्हटलं, आला मेला खोड काढायला. खोड निघाली की भाव पाडायला मोकळा.

त्याने स्वतःजवळचा गुळगुळीत दांडा चकात आवळला, त्यावर डायल टेकवला आणि चक हाताने सावकाश फिरवला. काटा चांगलाच पुढे गेला आणि मागे आला, म्हणजे दांडा मधोमध फिरत नव्हता.

"तेच तर म्हणतोय," हे म्हणाले. "माझ्या हातून जॉब नीट बांधला जात नाही."

"अरे, पण आत्ता मी बांधलाय ना!"

हे वाकून डायलकडे बघायला लागले.

घासूने दांडा सैल करून अर्धा फिरवला आणि परत आवळला. काटा पुन्हा त्याच जबड्यासमोर चढला. "दांडा वाकडा असता तर चढ दांड्याबरोबर फिरला असता. खोट चकात आहे." मग त्याने डायल चकाच्या अंगाला लावला. काटा जागचा हलेना. "चक बसलाय सरळ. म्हणजे जबडेच." तिन्ही जबडे चिंधीने पुसून त्याने मोबाइलचा उजेड पाडला आणि जवळ जाऊन बघितलं.

मीही डोकावले. प्रत्येक जबड्यावर आकडा, प्रत्येक खाचेवर आकडा, दोन्ही जुळले तरच जॉब मधोमध धरला जातो. एकचा जबडा दोनच्या खाचेत, दोनचा तीनच्या, तीनचा एकच्या. क्रम अगदी बरोबर, बोटांच्या सवयीने बसवलेला. फक्त पहिलाच चुकीच्या घरात गेला, म्हणून सगळेच एकेक घर सरकले. आकडे झिजून बारीक झालेले. सासऱ्यांना आता पेपरातले मथळेसुद्धा दिसत नाहीत, आणि ते कोणाला कळू देत नाहीत.

घासूने मिठाची गुळणी धरली असती तर मशीन भंगाराच्या भावात त्याच्या पदरात पडलं असतं. तो ह्यांच्या कानाशी वाकला. "लेका, तुझ्या हाताला काहीएक झालेलं नाही."

"काय निघालं रे?" सासऱ्यांनी विचारलं.

माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ह्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं, आणि मी, मी हो, गप्प बसले.

"काही नाही दादा," घासू म्हणाला. "लोखंडाचा कीस अडकलाय. काढून बसवतो परत."

"नंतर उडाला असेल. मी तर लख्ख केलं होतं."

"तर! तुम्ही केल्यावर काय राहतंय?"

दोघांनी मिळून जबडे आपापल्या घरात बसवले. डायल लावला, तर काटा जेमतेम थरथरला. ह्यांनी नवा बुश घेतला, एक बाजू कापली, उलटा बांधून दुसरी कापली, डायल लावून दोन्ही बाजू जुळलेल्या बघितल्या आणि तिथेच खोक्यावर बसकण मारली.

"अगं, हात आहे माझा," म्हणाले. "आहे गं, आहे!" आणि हसायलाच लागले. माझ्या डोळ्यांतलं पाणी खळेना. सुटले हो मी!

चहा पिऊन जा म्हटलं, तर घासू म्हणाला, "नको वहिनी, टेम्पोवाला खोळंबलाय," आणि रिकामा टेम्पो घेऊन निघून गेला. हे पुढच्या बुशाला लागले. सासरे दारात ताठ बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिले, "मशीन विकायचं नाही बरं का आम्हाला." कोणी विचारलं नव्हतं तरी.